‘राम’चा ‘मरा’ होतो, ‘मार’ होत नाही

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलं की एक सराव हमखास वाट्याला येतो: दिलेले दोन शब्द त्याच त्या अक्षरांचे बनलेत का, ते ओळखा. युक्ती सोपी आहे. दोन्ही शब्दांची अक्षरं सुटी करून ॲरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांत टाकायची, ॲरे सॉर्ट करायचे, म्हणजे क्रमाने लावायचे, आणि ते सारखे निघाले की ‘हो’ म्हणायचं. रोमन लिपीत हे दोन-तीन ओळींत भागतं. मी तोच प्रोग्रॅम ‘राम’ आणि ‘मार’ यांच्यावर चालवला, तर त्याने बिनदिक्कत ‘हो’ म्हटलं.

वाल्याची गोष्ट ऐकलेल्या कुणालाही हे खटकेल. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ होतं, कारण ‘म’ आणि ‘रा’ तेच राहतात, पुढेमागे होतात इतकंच. ‘मार’मध्ये मात्र ‘र’चा काना ‘म’ने पळवलाय. आपल्या लेखी ‘मा’ हे वेगळंच अक्षर. प्रोग्रॅमच्या लेखी काना हाच ॲरेतला एक स्वतंत्र घटक, म्हणून त्याला दोन्ही शब्दांत म, र आणि काना असा एकच ऐवज दिसतो.

मुळात संगणक अक्षरं लावतच नाही, आकडे लावतो. 1963च्या आस्कीत, म्हणजे रोमन अक्षरांना आकडे देणाऱ्या संकेतात, 128 जागा होत्या. त्यात आज मोठा ए 65वर, मोठा झेड 90वर आणि छोटा ए 97वर आहे. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये मोठा झेड छोट्या एच्या आधी येतो, आणि त्यावरून नवखे अजूनही गोंधळतात. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतात देवनागरीलाही असेच आकडे आहेत: क 2325, म 2350, र 2352, काना 2366. ‘मराठी’ हा शब्द पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सॉर्ट करून बघा. ठ, म, र, काना, दीर्घ वेलांटी असा क्रम मिळतो. काना, वेलांट्या, उकार, मात्रा यांचे आकडे व्यंजनांच्या नंतरचे आहेत, त्यामुळे ही सगळी मंडळी शब्दाच्या शेपटाला गोळा होतात. पुन्हा जोडलं की काना ‘र’ला चिकटतो आणि बिचारी वेलांटी बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते.

तरी इथे निदान काना काना राहिला. सीसारख्या भाषेत तेही नशिबी नाही, कारण तिथला कॅरेक्टर ॲरे म्हणजे खरं तर बाइटची, म्हणजे 0 ते 255 मधल्या आकड्यांची रांग. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992मध्ये आखलेल्या यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘राम’ असा साठवला जातो: 224 164 176, 224 164 190, 224 164 174. हे नऊ आकडे चढत्या क्रमाने लावले की तीन 164, मग 174, 176, 190 आणि शेवटी तीन 224. यूटीएफ-8मध्ये 164 ने चिन्हाची सुरुवात होऊच शकत नाही आणि 224 ला मागे दोन साथीदार लागतात. म्हणजे या रांगेतून एकही अक्षर वाचता येत नाही, पडद्यावर फक्त प्रश्नचिन्हांचे चौकोन उमटतात. (हेच बाइट न हलवता जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला ए आणि चलनाचं गोल चिन्ह पुन्हा पुन्हा दिसतं. तो नमुना एकदा ओळखता आला की मजकूर बिघडलेला नाही, चुकीच्या तक्त्याने वाचलाय, हे लगेच कळतं.)

गंमत अशी, की याच बाइटनी अख्खे शब्द एकमेकांशी ताडले तर काही बिघडत नाही. यूटीएफ-8ची रचनाच अशी आहे, की बाइटचा क्रम आणि युनिकोडच्या आकड्यांचा क्रम एकच येतो. शब्दांची यादी लावा, खुशाल. शब्दाच्या पोटातले बाइट हलवू नका.

मग शब्दाची अक्षरं सुटी करायची कशी? वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं, तेवढा तुकडा वेगळा काढण्याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत. ते वापरले की ‘राम’ म्हणजे रा, म, आणि माझा प्रोग्रॅम ‘मार’ला ‘नाही’ म्हणतो. पण ‘क्ष’? तो क, हलन्त आणि ष असा तीन चिन्हांचा. जुन्या नियमांनी तो हलन्तापाशी तोडला जायचा. देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवणारा नियम 2023च्या 15.1 आवृत्तीत आला. त्यामुळे हे नियम राबवणारी जुनी आणि नवी लायब्ररी (तयार कोडचा संच) एकाच शब्दाची अक्षरसंख्या वेगवेगळी सांगू शकते.

शब्दांच्या यादीतही आकड्यांचा क्रम आपल्या ओळखीचा नसतो. कल, कवच, कसर, कळ हा वर्णमालेचा क्रम, कारण आपण ळ हा ह नंतर शिकतो. साध्या सॉर्टमध्ये ‘कळ’ थेट ‘कल’च्या पाठीवर येतो: ल 2354, ळ 2355, व 2357. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतात ळ हा ल शेजारी होता आणि युनिकोडने 1988च्या इस्कीची मांडणी जवळपास तशीच उचलली. ॲ तर 2008मध्ये आला आणि रिकाम्या जागेवर, 2418ला बसला, म्हणून साध्या सॉर्टमध्ये ‘ॲप’ हा ‘हवा’च्याही खाली जातो. यावर इलाज म्हणजे भाषेनुसार क्रम लावणारी सोय वापरणं. जावा या भाषेत ती कोलेटर नावाने मिळते. ती हाताशी असताना स्वतःचा तक्ता लिहीत बसणं म्हणजे हौस.

तुलना करण्याआधी आणखी एक सफाई लागते. ‘तऱ्हा’मधला ऱ एकसंध चिन्ह म्हणून टाइप होतो किंवा र खाली नुक्ता, म्हणजे टिंब देऊन. युनिकोड या दोन्ही रूपांना समान मानतं आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकाच साच्यात आणणं, केलं की दोन्ही एक होतात. पण कुणी अ वर चंद्र देऊन ‘ॲप’ लिहिलं असेल, तर ते नॉर्मलायझेशननंतरही वेगळंच राहतं, कारण युनिकोडने या जोडीला समान मानलेलं नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. सॉर्ट केलेल्या यादीत एक अगदी वर सापडतो, दुसरा तळाशी.