पळसाची लाख आणि चावीचा ग्रामोफोन

चावीचा ग्रामोफोन वापरणाऱ्याला दोन ताकिदी हमखास मिळतात : तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवी पिन (खाचेतून फिरणारी सुई) लाव, आणि तबकडी स्पिरिटने पुसू नको. त्यामागचे कारण मात्र क्वचितच कोणी सांगते. ते तबकडीच्या घडणीत आहे आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला ते चटकन उमगेल, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी तबकडी लाखेची असते. लाखेचा किडा ज्या पळसावर आणि बोरीवर पोसतो, ती झाडे आपल्याच धुऱ्यावर उभी आहेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसली की गाणे कोरलेल्या खाचा गेल्याच.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या, काही वर्षांनी लाख आली. नुसती लाख नव्हे : तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळत. आम्हा वऱ्हाडी माणसांना त्या कापसाचे विशेष अप्रूप वाटते. पुडीचे काम मोठे चतुर आहे. पोलादी पिनेवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो, आणि ही पूड पिनेचे टोक घासून खाचेच्या मापाचे करते. झिजायचे ते पिनेने, तबकडीने नाही. तीनेक मिनिटांत बाजू संपते तेव्हा टोकाला धार आलेली असते. तीच पिन पुन्हा लावली तर ती गाणे कोरून काढते. त्याच भारामुळे नंतरच्या प्लास्टिकच्या एलपी तबकड्या या यंत्रावर कधीही लावू नयेत.

भारतातले तबकड्यांचे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. गायिका गौहर जानचा आवाज तेव्हाचाच. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच छापल्या जाऊ लागल्या. विदर्भाचा वाटा पुढे आला, आणि तो मोलाचा आहे : मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपुरात वकिली शिकलेल्या जी. एन. जोशींनी गायली. १९३० च्या दशकातल्या त्या तबकडीपासून मराठी भावगीताची सुरुवात मानतात.

खेड्यात वीज नव्हती, म्हणून चावी. पेटीतली पोलादी पट्टी आपण गुंडाळतो, ती उलगडताना तबकडी फिरते; वेग सांभाळायला तीन वजनांचा गव्हर्नर असतो. काम झाले की चावी पूर्ण उतरू द्यावी, म्हणजे पट्टीवर ताण राहत नाही. चालता चालता यंत्र आतून दणके देऊ लागले, तर पट्टीवरचे ग्रीस वाळले आहे असे समजावे. तिचा डबा मात्र स्वतः उघडू नये. सुटलेली पट्टी हात फाडते.

पुढे ट्रान्झिस्टर आला, मागोमाग वीज आली, आणि बाजा माळ्यावर गेला. आमचाही गेला. टिनाच्या छपराखाली, मे महिन्यात, तबकड्या आडव्या एकावर एक. आजोबांनी जपलेल्या तबकड्यांपैकी अर्ध्याअधिक पापडासारख्या वाकल्या. लाख उन्हाने मऊ होते हे तेव्हा घरात कोणाच्या लक्षात आले नाही. उरलेल्या आता खालच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, लाकडी पेटीत उभ्या ठेवल्या आहेत.