पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ नंबर

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षं चालतं. पुढे गाडी तपासून घ्यायची आणि दर ५ वर्षांनी मुदत वाढवायची. या हिशेबात १९३५ ची ब्युइक आणि २००५ ची साधी हॅचबॅक एकाच रांगेत! जुन्या, जपलेल्या मोटारींच्या नोंदणीसाठी देशभर लागू होईल असा वेगळा नियमच नव्हता.

प्रश्न तातडीचा झाला तो दिल्लीमुळे. राष्ट्रीय हरित लवादाने तिथे २०१४ मध्ये १५ वर्षांवरच्या सगळ्याच गाड्यांना आणि २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. मग २०२१ च्या अर्थसंकल्पात जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण जाहीर झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. भंगार धोरणाची सुरुवात त्यानंतर, ऑगस्टमध्ये झाली. हा क्रम मला तरी योगायोग वाटत नाही.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात, फारशी फेरफार न करता राखलेली दुचाकी किंवा चारचाकी या नियमांत बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं; पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि शौकिनांच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची सवलत. ‘एमएच’ येण्याआधीचा ‘बीएम’ किंवा ‘एमआर’चा नंबर गेला, तर गाडीची अर्धी ओळखच पुसली जाते.

बदल्यात बंधन आहे: रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची. रोजचा वापर नाही, धंदा तर नाहीच.

जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरच्या, नीट राखलेल्या गाडीच्या नंबराअखेर ‘एच’ लागतो. कर ठरावीक, प्रदूषण-नियंत्रित भागात प्रवेश, शिवाय रोज चालवायलाही हरकत नाही. त्यापुढे आपली पन्नाशीची अट कडकच म्हणायची. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८०० सुद्धा २०३३ संपता संपताच ‘व्हिंटेज’ ठरेल.