प्लास्टिकच्या ‘पेट्रोल’ची पार्श्वभूमी

जड खनिज तेलाचे लांब रेणू उष्णतेने तोडून जास्त पेट्रोल काढण्याची युक्ती तेलशुद्धीकरण कारखान्यांत 1913 पासून आहे. टाकाऊ प्लास्टिकलाही तीच लावून पाहावी, या विचाराला 1973 च्या तेलसंकटानंतर जोर आला. जपानमध्ये 2000 च्या सुमारास मोठे प्रकल्प निघाले. साप्पोरोतला एक साधारण दशकभर चालून थांबला. चीनने 2018 मध्ये प्लास्टिक कचऱ्याची आयात जवळपास बंद केली, तेव्हा हा विषय पुन्हा वर आला.

टाकाऊ प्लास्टिकपासून पेट्रोल मिळते, असे दावे होत असतात. सगळा घोळ मात्र ‘पेट्रोल’ या शब्दात आहे. हवेविना तापवलेल्या प्लास्टिकच्या वाफा थंड केल्या की हाती येते ते पायरोलिसिस तेल: पेट्रोल, डिझेल आणि मेण यांची खिचडी. ऊर्ध्वपातनात, म्हणजे उकळून वेगवेगळे भाग काढताना, सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या आत उकळून निघणाऱ्या भागाला सर्रास पेट्रोल म्हणतात. उकळण्याची पातळी जुळली एवढाच त्याचा अर्थ. पॉलिथिनपासून बहुतांशी सरळ साखळीचे रेणू मिळतात आणि तेच ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधी आपोआप पेटून इंजिनात ठोके पाडतात. सरळ साखळीच्या हेप्टेनचा ऑक्टेन अंक (इंधन ठोक्यांना किती दाद देत नाही याचे माप) तर व्याख्येनेच 0 धरलेला आहे. पॉलिस्टायरीनचे उलट: ऑक्टेन भरपूर, पण त्यातले स्टायरीन साठवणीत जुळत जाऊन डिंकासारखे चिकटते. ओलेफिनांचे, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या रेणूंचेही तेच. म्हणून युरोपच्या मानकात पेट्रोलमध्ये ओलेफिन 18 टक्क्यांपर्यंतच चालते. नुसत्या उष्णतेने काढलेल्या तेलात ते सहसा त्याहून बरेच जास्त असते. कचऱ्यात क्लोरीन असलेले पीव्हीसी प्लास्टिक मिसळले असेल, तर हायड्रोजन क्लोराइड सुटून धातू खातो.

अशा ‘पेट्रोल’च्या प्रात्यक्षिकात दुचाकी सुरू होते आणि तिथेच टाळ्या पडतात. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर थर बसायला पुढचे काही महिने लागतात, आणि ते बघायला कोणी थांबत नाही.

झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या उत्प्रेरकाने साखळ्यांना फाटे फुटतात, सुगंधी (बेंझीनसारखी वलयाकार) संयुगे वाढतात आणि ऑक्टेन चढतो. हायड्रोजन देऊन ओलेफिन कमी करता येते, पण मग छोट्या भट्टीचे स्वस्त गणित कोलमडते. प्रयोगशाळांनी डिझेल इंजिनावर अधिक भर दिला, कारण तिथे इंधन आपोआपच पेटायला हवे असते आणि या सरळ साखळ्या उपयोगी पडतात.

दरम्यान युरोपच्या 2008 च्या कचरा कायद्याने इंधन बनवण्याला पुनर्चक्रीकरण मानायचे नाही असे ठरवले. पुढे तिथले मोठे प्रकल्प हे तेल नवे प्लास्टिक बनवण्याकडे वळवू लागले आहेत.