बाळाच्या ईसीजीसाठी कुठे जायचं, काय कागद लागतात (लाँग क्यूटी)

घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलंय, पोहता येत असून बुडालंय किंवा फोनची रिंग वाजली की "फिट" येऊन पडतं, असं असेल तर बाळ झाल्यावर डॉक्टरला हे आपणहून सांगा, कारण लाँग क्यूटी (क्यूटी म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, तो जास्त लांबणारा आनुवंशिक आजार) आईवडिलांपैकी एकाला असला तरी बाळात यायची शक्यता निम्मी असते आणि बाळ वरून एकदम ठणठणीत दिसतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून निवांत होऊ नका, इकोत हृदयाची रचना दिसते, ठोक्यांमागची वीज ईसीजीतच कळते.

यासाठी वेगळा फॉर्म वगैरे नाही. सरकारी मार्ग म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासून आहे, 0 ते 18 वयापर्यंत, उत्पन्नाची अट नाही. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना सांगा किंवा सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. तिथे "ईसीजी काढून क्यूटी बघा" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर नुसतं स्टेथो लावून घरी पाठवतील. पहिल्या दोन-तीन दिवसांत क्यूटी तसाही जरा लांब येऊ शकतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत काढतात, ती तारीख चुकवू नका.

कागद: डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला. जन्माची नोंद 21 दिवसांत फुकट होते, बारसं झालं नाही म्हणून थांबू नका, नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. पुढे महात्मा फुले योजनेतून उपचार करायची वेळ आली तर रेशनकार्डावर बाळाचं नाव नसतं, तेव्हा हाच दाखला कामी येतो, सोबत आईबाबांपैकी एकाबरोबरचा बाळाचा फोटो ठेवा.

आणि यादीत नसलेला पण मला सगळ्यात मोलाचा वाटणारा कागद म्हणजे घरच्यांचे जुने ईसीजी. तो चकचकीत कागद काही वर्षांत पांढराफटक होऊ शकतो, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर अजून लवकर, त्यामुळे आजच झेरॉक्स काढा. निदान झालं तर रोज प्रोप्रानोलोलसारखं औषध, आणि बाळाच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण उलटीसाठी सर्रास देतात ते डॉमपेरिडोन किंवा ऑन्डॅनसेट्रॉन या बाळांना विचारल्याशिवाय द्यायचं नसतं.