निर्वासित-दर्जा : छाननी व अपील

मायदेशी छळ होईल या साधार भीतीने परदेशात आलेल्या व्यक्तीचा दावा तपासून तिला निर्वासित मानायचे की नाही, हे ठरविण्याची प्रक्रिया. निर्णय होईपर्यंत ती व्यक्ती ‘आश्रयार्थी’ असते.

‘निर्वासित’ हा शब्द मराठीत फाळणीनंतर रुळला. सोलापूर भागात तो सैलपणे वापरला जातो. 1948 मध्ये रझाकारांच्या जाचाने निजामी हद्दीतून सोलापूर-बार्शीकडे आलेल्यांना तो लावला गेला. उजनीत बुडालेल्या गावांचे लोक मात्र ‘धरणग्रस्त’च राहिले. रझाकारपीडित आजच्या व्याख्येत बसतात काय, हा प्रश्न हैदराबाद तेव्हा परराष्ट्र होते काय, यावर अडतो. संस्थानाने सामीलनाम्यावर सही केली नव्हती. काळाचीही अडचण नाही, कारण निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार मुळात 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ती मर्यादा 1967 च्या प्रोटोकॉलने (पूरक कराराने) काढली. तरीही त्यांना अंतर्गत विस्थापित म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारताने हे दोन्ही दस्तऐवज स्वीकारलेले नाहीत. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ यांची व्यवस्था शासन पाहते. अफगाण, म्यानमारी आदींची छाननी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय करते. सोलापुरातील अर्जदारालाही त्यासाठी दिल्लीकडेच पाहावे लागते. पोलीस आयुक्तालय किंवा ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालयाचा संबंध परदेशी नागरिकाच्या नोंदणीशी व वास्तव्याशी येतो, दर्जाशी नाही. हा फरक न कळल्याने निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचे ओळखपत्र म्हणजे व्हिसा, असा गैरसमज होतो.

नोंदणीनंतर दुभाष्यासह मुलाखत होते. आधी कथनाची विश्वासार्हता तपासतात, मग भीतीला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कारण आहे काय ते पाहतात. युद्धगुन्हे वा गंभीर बिगर-राजकीय गुन्हे केल्याचे सबळ कारण दिसल्यास दर्जा नाकारला जातो. विसंगतीचे मूळ अनेकदा भाषांतरात असते. अफगाण सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होते. त्यामुळे 1400 सालचा ‘असद’ महिना म्हणजे जुलै-ऑगस्ट 2021, पण त्याच सालचा ‘दल्व’ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी 2022. इसवी सन काढताना दुभाष्याने सरसकट 621 मिळवले, तर ‘दल्व’मधले पलायन ‘असद’मधल्या अटकेनंतरचे असूनही आधीचे ठरते. नोंदणीच्या वेळचा अर्ज आणि मुलाखत यांत अशी तफावत राहिली की ती अर्जदाराच्या माथी येते. म्हणून मूळ पंचांगातली तारीखही लिहून घ्यावी.

नकाराचे पत्र मिळाल्यापासून साधारणतः 30 दिवसांत अपील करायचे असते. उशीर झाल्यास पटणारे कारण द्यावे लागते. अपील पहिला निर्णय न देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. तीच हकिकत पुन्हा लिहून भागत नाही. नकाराच्या प्रत्येक कारणाला उत्तर, चुकलेल्या तारखेचा खुलासा व नवा पुरावा हवा. अपीलही फेटाळले, तर परिस्थिती बदलल्यास किंवा नवा पुरावा मिळाल्यास फाईल पुन्हा उघडण्याची विनंती करता येते.

उच्चायुक्त कार्यालयाच्या निर्णयावर भारतीय न्यायालयात अपील नाही. मायदेशी परत पाठवण्याच्या शासकीय आदेशाविरुद्ध मात्र संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. 1996 च्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 21 चे (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे) संरक्षण परकीयांनाही दिले. 2021 च्या रोहिंग्याविषयक अंतरिम आदेशात मात्र त्याने पाठवणी रोखली नाही, विहित कार्यपद्धती पाळण्याची अट घातली. परकीयांविषयीचा 1946 चा कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू आहे. सोलापूर जिल्हा ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) अधिकारक्षेत्रात येतो.