गरजांचं सर्वेक्षण वेगळं, तणावाची पाहणी वेगळी

निर्वासित आणि स्थानिक यांच्यातल्या तणावावर जे रिपोर्ट येतात त्यात एक घोळ इतक्यांदा बघितलाय की आता सविस्तर लिहायलाच बसले. कव्हरवर लिहिलेलं असतं 'तणावाची पाहणी', आत बघावं तर पाणी किती कमी, वर्ग किती कमी, दवाखाना किती लांब, किती घरांवर धड छप्पर नाही, आणि शेवटच्या पानावर एक प्रश्न, 'शेजारच्या लोकांशी तुमचे संबंध कसे आहेत? चांगले, ठीक, वाईट'. हे गरजांचं सर्वेक्षण झालं. मेहनतीने केलेलं असेल, उपयोगाचंही असेल, पण तणाव त्यातून कळत नाही आणि त्याच्या जोरावर पीसबिल्डिंगचा, म्हणजे दोन्ही बाजूंत सलोखा घडवायचा, प्रोजेक्ट आखला तर तो चुकतोच.

गरजांचं सर्वेक्षण कसं करतात ते या कामातल्या सगळ्यांना पाठ असतं. घरटी फॉर्म, कुटुंबात माणसं किती, आजारी कोण, कमावतं कोण, त्यावरून लाभार्थी यादी. त्यावर जास्त बोलत नाही. तणावाच्या पाहणीत सॅम्पल लहान चालतं, वेळ जास्त लागतो, फॉर्मपेक्षा गप्पा जास्त असतात, हे फरक आहेत पण किरकोळ आहेत, त्यावरून कोणी अडत नाही.

माणसं अडतात ती एका ठिकाणी. गरजांच्या सर्वेक्षणात लोकांची चुकीची समजूत ही चूक असते, ती दुरुस्त करून पुढे जायचं. तणावाच्या पाहणीत तीच समजूत तुमच्या हाती लागलेली सगळ्यात महत्त्वाची माहिती असते.

म्हणजे कसं बघा. एक स्थानिक माणूस म्हणतो, 'त्यांना रेशन इतकं मिळतं की उरलेलं बाजारात विकतात, आम्हाला कोण विचारतं'. सर्वे घेणारा मुलगा चांगल्या मनाने समजावतो की नाही काका, रेशन जेमतेम पुरतं, आणि पुढचा प्रश्न विचारतो. झालं, जे शोधायला आलो होतो ते हातातून गेलं. कारण काकांनी तांदूळ विकताना खरंच बघितलेलं असतं. निर्वासितांकडे रोख पैसा नसतो, काम करायची परवानगी बऱ्याच देशांत नसते, मग औषध, भाजी, मुलाची वही यासाठी हातात विकण्यासारखं जे एकच असतं ते विकतात, आणि नंतर स्वतः कमी खातात. आपल्या फॉर्मवर त्याच पोत्याची नोंद होते 'अन्नाची टंचाई' आणि रस्त्याच्या पलीकडून तेच पोतं दिसतं 'जास्तीचं'. तणाव तिथे आहे, त्या दोन नजरांच्या मधे, आणि तो टिपायचा तर काकांना थांबवायचं नाही, विचारायचं की कधीपासून दिसतंय, कोण विकत घेतं, कोणाकडून ऐकलं, गावात याबद्दल सगळ्यात जास्त कोण बोलतं.

आता याचा उलटा अर्थ काढू नका. लोक म्हणतात ते सगळं गैरसमज असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये आणि मला सर्वात जास्त राग याच गोष्टीचा येतो, की स्थानिकांची तक्रार आली रे आली की 'गैरसमज दूर करण्यासाठी जनजागृती' असं एक कलम प्रपोजलमध्ये घालून मोकळं व्हायचं. बांगलादेशात कॉक्स बाजारला 25 ऑगस्ट 2017 नंतर 7 लाखांहून जास्त रोहिंग्या आले, उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत आज ते स्थानिकांपेक्षा जास्त आहेत. तिथला मजूर जेव्हा सांगतो की रोजंदारी पडली, डोंगरावरचं जंगल गेलं, तेव्हा तो गैरसमज नसतो, त्याच्या खिशातून पैसे गेलेले असतात. त्याला पथनाट्य दाखवणं हा अपमान आहे. म्हणून दोन रकाने करा, एकात लोकांना काय वाटतं, दुसऱ्यात तपासल्यावर काय निघालं. दोन्ही जुळले तर ते मजुरीचं, जंगलाचं, भाड्याचं काम आहे, तिथे धोरण बदलायला लागेल. नाही जुळले तर यादी कशी बनते, कोणाला काय मिळतं हे उघडपणे सांगायचं काम आहे. हे दोन रकाने नसलेला रिपोर्ट मी तरी तणावाची पाहणी म्हणून धरत नाही.

आणखी एक, गरज भागली की तणाव उतरतो हे गृहीतच मुळात काढून टाका. एक नळ घ्या, छावणीच्या कडेचा, दोन्हीकडच्या बायका तिथे भरतात. स्फिअर, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर मानले जाणारे किमान निकष, सांगतं माणशी दिवसाला किमान 15 लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं, समजा दोन्ही बसतंय, फॉर्म हिरवा. पण नळाला कुलूप आहे आणि किल्ली छावणीतल्या कमिटीकडे. पाणी सुटतं त्या वेळी गावातल्या बायका शेतावर गेलेल्या असतात. बोअर ज्या जमिनीत मारली तिचा मालक गावचा, त्याला कोणी विचारलं की नाही ते कोणालाच धड माहीत नाही. पंधरा लिटर मिळूनही रोज हंड्यावर हंडा आपटणार, कारण भांडण पाण्याचं नाहीच, किल्लीचं आहे. लिटर मोजून किल्ली सापडत नाही.

काकुमाचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. केनियातली ही छावणी 1992 पासून आहे आणि भोवती तुर्काना लोक, जनावरांवर जगणारे, कोरड्या मुलखातले. निर्वासितांनी बाहेर जाऊन सरपण तोडलं की मारामारी, आणि तेच सरपण, कोळसा तुर्काना बायकांनी छावणीत आणून विकला की व्यवहार, कधी पैशात कधी रेशनच्या बदल्यात. वस्तू एकच, एकीकडे ती भांडण लावते आणि दुसरीकडे ओळखी जोडते. 'डू नो हार्म', म्हणजे मदतीने तणाव वाढू नये म्हणून वापरतात त्या पद्धतीत, तोडणारे आणि जोडणारे दुवे शोधायला सांगतात ते हेच, पण लोक तोडणाऱ्यांची लांबलचक यादी करतात आणि जोडणाऱ्यांत 'क्रिकेट-फुटबॉल, सण' लिहून टाकतात. गरजांच्या फॉर्मवर हे सरपण फक्त 'इंधनाची कमतरता' म्हणून येतं. मग कोणी चांगल्या हेतूने गॅस वाटतो. कॉक्स बाजारला 2018 पासून गॅस वाटला, जंगलासाठी ते हवंच होतं आणि स्थानिक घरांनाही काही प्रमाणात दिला हे शहाणपणाचं. पण हाच उपाय काकुमासारख्या ठिकाणी जसाच्या तसा नेला तर कोणत्या तुर्काना बाईचा रोजचा धंदा बसेल आणि छावणीत यायचं तिचं कारणच जाईल, हे आधी विचारायला नको?

टक्केवारीबद्दलही बोलते. युगांडात मदतीतला 30 टक्के वाटा स्थानिकांकडे जावा असं तत्त्व आहे, चांगलं तत्त्व आहे. पण ते वाटपाचं उत्तर झालं, कोणत्या स्थानिकांना हा प्रश्न तसाच राहतो. छावणीजवळ दुकान थाटणारा, घर भाड्याने देणारा आणि रोजंदारीवर जाणारा हे तिघं 'स्थानिक'च, पण पहिल्या दोघांची कमाई वाढलेली असते आणि तिसऱ्याची घटलेली. तिघांना सरपंचासमोर एकाच फोकस ग्रुपमध्ये, म्हणजे गटचर्चेत, बसवलं तर तिसरा तोंड उघडणार नाही. वेगवेगळं बसवा, आणि भाड्याने देणाऱ्याशी जरूर बोला, त्याच्याकडे कोणी जात नाही.

शेवटचं वेळेचं. गरजांचा आकडा काही महिने तरी टिकतो, तणावाचा नाही. लेबनॉनमध्ये सिरियन निर्वासितांची नोंदणी सरकारने 2015 मध्ये थांबवायला लावली, त्यानंतर नोंदलेला आकडा वाढला नाही, कमीच होत गेला, पण 2019 नंतर लेबनीज पाऊंड कोसळला आणि शेजाऱ्याच्या हातातली मदत लोकांना वेगळीच दिसायला लागली. तिथे 2017 पासून यूएनडीपीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेने, लोकांना काय वाटतं याचे सर्वे ठराविक काळाने पुन्हा पुन्हा घेतले म्हणून बदल दिसू तरी शकला. कॉक्स बाजारला 2023 मध्ये रेशन माणशी महिना 12 डॉलरवरून मार्चमध्ये 10 आणि जूनमध्ये 8 झालं. फेब्रुवारीत केलेली पाहणी जुलैत घेऊन बसलात तर काय उपयोग? रेशन कापलं त्या आठवड्यातच मजूर अड्ड्यावर जायला हवं, आज किती जण उभे आहेत आणि किती रुपयांत... म्हणजे तिथल्या चलनात, टाकांत, काम घ्यायला तयार आहेत ते विचारायला.