मशीनवरची चिठ्ठी

औषध कारखान्यात नवा ऑपरेटर रुजू झाला की त्याचा पहिला आठवडा सह्या करण्यातच जातो. गोव्यातलं वेर्णा असो की कुंडई, पुढ्यात एसओपींची, म्हणजे ठरलेल्या लेखी कार्यपद्धतींची चळत आणि शेजारी ‘वाचले, समजले’चा तक्ता. आठव्या दिवशी तो गोळ्या फॉइलच्या पाकिटात बंद करणाऱ्या ब्लिस्टर मशीनवर उभा राहतो आणि सीलिंगचं तापमान किती ठेवायचं हे शेजारच्या जुन्या माणसाला विचारतो.

काम कसं करायचं हे ठरवणारा वेगळा आणि करणारा वेगळा, ही मांडणी एका अमेरिकी अभियंत्याने 1911 मध्ये पुस्तकरूपाने रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत नवखी माणसं भरली, तेव्हा तिथेच थोडी वेगळी वाट निघाली. फोरमनना दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत ‘शिकवायचं कसं’ ते शिकवलं गेलं. त्यांच्या हाती कामाची फोड करणारं एक छोटं टिपण असे. डाव्या बाजूला कामाच्या पायऱ्या, उजव्या बाजूला मोक्याच्या गोष्टी: काम कशाने बिघडतं, इजा कशाने होते, हात कसा वळवला की सोपं जातं. टिपण शिकवणाऱ्यासाठी होतं. त्यावर कामगाराची सही कुणी मागत नसे.

सही आली ती नियमांबरोबर. अमेरिकेच्या 1978 च्या औषधनिर्मिती नियमांनी कार्यपद्धती लेखी हवी, ती सोडून काही केलं तर नोंद आणि कारण हवं, असं बजावलं. 1987 मध्ये दर्जा-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची आयएसओ 9000 मालिका आली. भारतात 1988 मध्ये औषध नियमांच्या शेड्यूल एम या परिशिष्टात उत्पादनाचे दंडक घातले गेले. गोव्यातला माल परदेशी जाऊ लागला तशी ही सगळी कागदपत्रं इथल्या वसाहतींत पोचली.

खरा घोळ झाला तो चिठ्ठीवरून. त्या मालिकेतल्या आयएसओ 9001 च्या 1994 च्या आवृत्तीत दस्तऐवज-नियंत्रणाचं कलम होतं: कामाच्या जागी चालू प्रत असावी, जुनी काढून घ्यावी. हेतू रास्तच, कारण जुन्या फॉइलचं तापमान नव्या फॉइलला लावलं तर गोळ्यांच्या कप्प्यांत हवा शिरते. पण अर्थ असा लावला गेला की शिक्का नसलेला कुठलाही कागद मशीनवर दिसता कामा नये. मी काम केलं त्या एका ठिकाणी पॅनलला सेलोटेपने चिकटवलेली बॉलपेनची चिठ्ठी होती: ‘नवं फॉइल – 5 डिग्री जास्त’. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी ती खरवडून काढली. रात्रपाळीला निळ्या पाण्याच्या लीक टेस्टमध्ये पाकिटं आतून निळी झाली, म्हणजे सील गळत होतं. चौकशी अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘ऑपरेटरची चूक’. त्या चिठ्ठीत युद्धकाळच्या टिपणाचीच उजवी बाजू होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एसओपीत तापमानाची मर्यादा होती, पण फॉइल बदललं की काय करायचं ते नव्हतं.

एसओपी म्हणजे कुणी, कधी, कोणत्या जबाबदारीने काय करायचं. वर्क इन्स्ट्रक्शन म्हणजे त्या एका मशीनपुढच्या हातांसाठीची सूचना. दोन्ही एकाच इंग्रजी मजकुरात कोंबली जातात. सुरक्षेच्या फलकांचं तरी बरं होतं. 1948 च्या कारखाना कायद्याने ते इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावायला सांगितले होते. कार्यसूचनांचं तसं नाही. पेडणे-सत्तरीचा माणूस मराठी वाचतो, सासष्टीचा रोमन लिपीतली कोकणी, शेजारचा ओडिशाचा. भाषांतर केलं तर दोन प्रती एका वेळी सुधाराव्या लागतात, म्हणून क्वालिटीवाले नको म्हणतात. त्यांचीही अडचण खरी, पण तिला जरा जास्तच मान मिळतो.

2020 मध्ये, करोनाकाळात, ‘एसओपी’ हा शब्द आणखी बिघडला. किनाऱ्यांपासून लग्नापर्यंत सगळ्याला ‘एसओपी’ निघाली आणि लोकांच्या तोंडी तिचा अर्थ ‘सरकारी आदेश’ असा बसला. गंमत म्हणजे आयएसओ 9001 ने 2015 मध्येच पकड सैल केली होती. 2000 च्या आवृत्तीतल्या सहा सक्तीच्या लेखी कार्यपद्धती गेल्या, किती लिहायचं ते संस्थेवर सोपवलं. औषधांत मात्र डिसेंबर 2023 च्या सुधारित शेड्यूल एमने कागद वाढवला. लहान-मध्यम कारखान्यांना 2025 अखेरची मुदत मिळाली.

काही कारखान्यांनी मधला मार्ग काढलाय. चिठ्ठी ऑपरेटरकडूनच लिहून घेतात, फोटो जोडतात, क्रमांक देतात आणि लॅमिनेट करून मशीनलाच टांगतात. अशाच एका पानावर मराठीत तीन ओळी होत्या, कोपऱ्यात लाल शिक्का आणि खाली ‘रीव्हिजन 03’.